दोनशे आला, लस नाही आली: लोड टेस्टमध्ये जेसनच्या आत काय बघायचं

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास आणि मधेच भुंकलेला कुत्रा काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की लोड टेस्टिंगवर कधी बोलणार. तर आज बोलू. पण टूल कसं इन्स्टॉल करायचं, हजार यूजर कसे सोडायचे, याचे व्हिडिओ पायलीला पन्नास आहेत. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय, जी मला स्वतःला फार उशिरा कळली: सर्व्हरनं उत्तर दिलं हे बघणं वेगळं आणि उत्तरात काय दिलं हे बघणं वेगळं.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या सीमेवरच्या गावातला. वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका. त्या नावाचा किस्सा पुढं येतोच. साल २०२१. बीटेक झालेलं, पहिली नोकरी, आणि लॉकडाऊनमुळे काम घरून. घरून म्हणजे ओट्याच्या एका ठरावीक कोपऱ्यातून, कारण रेंज तिथंच यायची. माझा दादा दुधाचा टेम्पो चालवतो. पहाटे निघायचं, नसरापूरवरून हायवेला लागायचं, पुण्यात दूध टाकायचं आणि दुपारपर्यंत परत. सगळं जग घरात बसलेलं असताना हा माणूस रोज शहरात जाऊन येत होता. त्यामुळे घरात सगळ्यांत आधी लस कुणाला मिळायला पाहिजे, यावर वाद नव्हता.

१८ ते ४४ वयोगटाची नोंदणी २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता कोविन पोर्टलवर उघडली. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. ओटीपी येईना, पान उघडेना. सरकारनं नंतर जे आकडे दिले, त्यानुसार सुरुवातीला मिनिटाला २७ लाख हिट येत होत्या आणि पहिल्याच दिवशी १ कोटी ३० लाखांच्या वर लोकांची नोंदणी झाली. नोंदणी झाली म्हणजे लस मिळाली असं मात्र नव्हतं. पुढं स्लॉट बुक करायचा होता, आणि स्लॉट उघडला की काही मिनिटांत संपायचा.

आता चांगली गोष्ट ही होती की कोविननं आपली एपीआय लोकांसाठी खुली केली होती. पिनकोड आणि तारीख द्या, पुढच्या सात दिवसांत कुठल्या सेंटरवर किती डोस आहेत ते जेसनमध्ये मिळायचं. भोरचा पिन ४१२२०६, वेल्ह्याचा ४१२२१२. मी म्हटलं, आपण इंजिनीअर आहोत की! एक स्क्रिप्ट लिहिली: दोन्ही पिन विचारत राहायचं, १८ वर्षांसाठी जागा दिसली की फोन वाजवायचा. नियम होता की एका आयपीवरून पाच मिनिटांत शंभरच्या वर कॉल करायचे नाहीत, तोही पाळला. लॉगमध्ये ओळीमागून ओळ यायला लागली: २००, २००, २००. एचटीटीपीच्या भाषेत २०० म्हणजे ओके, सगळं ठीक. मी निवांत.

दोन दिवस फोन वाजलाच नाही. तिसऱ्या दिवशी दादा टेम्पो लावून आला आणि म्हणाला, "अरे, तुझं ते यंत्र चालू आहे ना? मग दवाखान्याबाहेर पुण्यातल्या पोरांच्या गाड्या कशा लागल्यात?"

मी तेव्हा पहिल्यांदा लॉग सोडून आलेलं उत्तर उघडून बघितलं. आणि डोक्याला हात लावला.

मी काय केलं होतं, तर उत्तरातल्या पहिल्या सेंटरचं पहिलं सेशन वाचत होतो. पहिलं सेशन होतं ४५ वर्षांवरच्या लोकांचं. १८ चं सेशन खाली कुठंतरी, दुसऱ्या सेंटरच्या आत. म्हणजे सर्व्हर मला खरं उत्तर देत होता, २०० देत होता, आणि माझी स्क्रिप्ट चुकीच्या जागी बघून "काही नाही" म्हणत होती. दुरुस्त केली, पण त्यातच १२ मेच्या सुमारास राज्यानं ४५ वरच्यांचे दुसरे डोस आधी पूर्ण करायचे म्हणून १८ ते ४४ चं लसीकरण तात्पुरतं थांबवलं. दादाला लस मिळाली ती जूनच्या शेवटी. मधला दीड महिना तो रोज शहरात जात होता आणि आई रोज दारात गरम पाण्याची बादली ठेवून वाट बघत बसायची. प्रामाणिकपणे सांगायचं तर स्क्रिप्ट बरोबर असती तरी स्लॉट मिळालाच असता असं नाही; त्या खुल्या एपीआयचा डाटा अर्ध्या तासापर्यंत शिळा असू शकायचा. पण संधी तरी मिळाली असती.

हे सगळं एका यूजरचं, म्हणजे माझं. लोड टेस्टमध्ये हीच चूक हजारपट होते, आणि तीसुद्धा हिरव्या रंगात.

ज्यांना जेसन नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. जेसन म्हणजे डाटा लिहायची साधी पद्धत: डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. किंमत आकडा असू शकते, मजकूर असू शकते, यादी असू शकते किंवा आत पुन्हा तसलाच डबा असू शकतो. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती लोकप्रिय केली, आणि तुमच्या फोनमधली बहुतेक ॲप आतून हेच बोलतात. कोविनच्या उत्तरात बाहेर "सेंटर्स" नावाची यादी, प्रत्येक सेंटरमध्ये नाव, पिनकोड, जिल्हा, आणि आत "सेशन्स" नावाची दुसरी यादी. त्या सेशनमध्ये तारीख, किमान वय, उरलेले डोस. डब्यात डबा, त्यात अजून डबा.

आणि लोड टेस्ट म्हणजे खरे लोक यायच्या आधी खोटे लोक सोडून बघणं. जत्रेच्या आधी बारव उपसून बघतात ना, पाणी किती पुरतंय, तसं.

आता गंमत बघा. गर्दी झाली की सर्व्हर मरतोच असं नाही. कधी कधी तो खोटं बोलायला लागतो. डाटाबेसला धाप लागली की मधला कोड "चला, रिकामी यादी देऊ" असं ठरवतो. कुणी तरी लिहून ठेवलेलं असतं की एरर आली तर ॲप क्रॅश व्हायला नको, रिकामं पाठवा. स्टेटस मात्र २००. किंवा मधे बसलेला गेटवे "थोड्या वेळानं प्रयत्न करा" असं एचटीएमएल पान पाठवतो, तेही कधी कधी २०० लावून. किंवा उत्तराच्या आत लिहिलेलं असतं "स्टेटस: फेल", आणि बाहेरचं पाकीट २०० चं. तुमची टेस्ट फक्त पाकीट बघत असेल तर ती म्हणणार, शून्य टक्के एरर.

आणि खरी पंचाईत पुढं आहे. रिकामं उत्तर फार वेगानं येतं. समजा हजार रिक्वेस्ट गेल्या. त्यातल्या ९०० ना रिकामं उत्तर मिळालं, प्रत्येकी ४० मिलिसेकंदांत. १०० ना खरं उत्तर मिळालं, पण प्रत्येकी ४ सेकंदांनी. सरासरी काढा: ४३६ मिलिसेकंद. तुमचं उद्दिष्ट ५०० चं असेल तर पास! नव्वदावा पर्सेंटाइल काढला तर ४० मिलिसेकंद, अजूनच भारी. म्हणजे सर्व्हर जितका जास्त बिघडेल तितका रिपोर्ट जास्त देखणा. मी असा रिपोर्ट एकदा मीटिंगमध्ये दाखवलाय. कौतुकसुद्धा झालं. लाँचच्या दिवशी काय झालं ते सांगत नाही, एवढंच सांगतो की त्या रात्री माझा फोन स्क्रिप्टशिवायही खूप वाजला.

तेव्हापासून माझा नियम: वेळेचे आकडे फक्त बरोबर उत्तरांचे मोजायचे. त्यासाठी आधी बरोबर उत्तर म्हणजे काय हे ठरवावं लागतं, आणि ते जेसनच्या आत शिरल्याशिवाय ठरत नाही.

आत शिरायचे दोन हेतू असतात. एक, आलेली किंमत तपासणं. दुसरा, आलेली किंमत काढून पुढच्या रिक्वेस्टमध्ये वापरणं. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो नसेल तर टेस्ट पुढं सरकतच नाही.

सरकारी दवाखान्यात गेलात तर आधी खिडकीवर केसपेपर काढतात. त्यावर नंबर असतो. तो कागद घेऊन डॉक्टरकडे, तोच कागद घेऊन औषधाच्या खिडकीवर. कालचा कागद किंवा शेजाऱ्याचा कागद चालत नाही. एपीआयचंही तसंच. कोविनमध्ये मोबाईल नंबर दिला की उत्तरात एक ट्रान्झॅक्शन आयडी यायचा. ओटीपी पक्का करताना तो आयडी आणि ओटीपी, तोही शा-२५६ नं हॅश केलेला, असं दोन्ही परत पाठवायचं. मग त्या उत्तरात टोकन यायचं, आणि ते टोकन लावून पुढचं सगळं: घरातल्या लोकांची यादी, स्लॉट, बुकिंग. आता लोड टेस्टमध्ये पाचशे खोटे यूजर असतील तर पाचशे वेगळे आयडी आणि पाचशे वेगळी टोकन. रेकॉर्ड करताना आलेला एकच आयडी स्क्रिप्टमध्ये चिकटवून ठेवलात, तर पाचशे माणसं एकच केसपेपर घेऊन रांगेत उभी. सर्व्हर एक तर सगळ्यांना हाकलेल, नाही तर कॅशमधून उत्तर देईल आणि तुम्हाला वाटेल काय वेग आहे! या काढून-पुढं-देण्याला आमच्या धंद्यात कोरिलेशन म्हणतात.

जेमीटर वापरत असाल तर त्यात जेसन एक्स्ट्रॅक्टर नावाचा पोस्ट प्रोसेसर आहे. ज्या रिक्वेस्टचं उत्तर हवंय तिच्या आत तो ठेवायचा. चार गोष्टी भरायच्या: व्हेरिएबलचं नाव, जेसनपाथ, मॅच नंबर आणि डिफॉल्ट किंमत. जेसनपाथ म्हणजे डब्यांतून वाट काढायचा पत्ता. डॉलरचं चिन्ह म्हणजे सगळ्यात बाहेरचा डबा, मग टिंब देऊन आतलं नाव, मग टिंब देऊन त्याच्या आतलं. यादी असेल तर चौकटी कंसात कितवं ते, मोजणी शून्यापासून. स्टार टाकला तर सगळे. प्रश्नचिन्ह टाकून अट घालता येते: किमान वय १८ आणि उरलेले डोस शून्यापेक्षा जास्त, अशी सेशन्स द्या. मी २०२१ मध्ये ही अट घातली असती तर आज हा एपिसोड वेगळा झाला असता. ही भाषा स्टेफान गोसनर यांनी २००७ मध्ये मांडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं अधिकृत मानक आलं, आरएफसी ९५३५. मधल्या सतरा वर्षांत प्रत्येक टूलनं ती आपापल्या परीनं बोलली, त्यामुळे एका टूलमधला पाथ दुसऱ्यात तसाच चालेल असं धरू नका. के-सिक्समध्ये तर डॉलरही नसतो. "सेंटर्स डॉट शून्य डॉट पिनकोड" असं सरळ लिहायचं.

मॅच नंबरकडे लक्ष द्या. एक म्हणजे पहिला सापडलेला. शून्य म्हणजे पहिला नव्हे, तर सापडलेल्यांतला कुठलाही एक. उणे एक म्हणजे सगळे. प्रोग्रामिंगची सवय असलेले लोक शून्य टाकून पहिला मिळेल असं समजतात, आणि मग दर वेळी वेगळं सेंटर आलं की चक्रावतात. लोड टेस्टला मात्र हा शून्य कामाचा आहे. खरे लोक काही सगळे पहिल्याच सेंटरवर जात नाहीत.

आणि डिफॉल्ट रिकामं सोडू नका. तिथं मी चक्क "सापडलं नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहितो. मग पुढची रिक्वेस्ट त्या मजकुरासकट गेली की रिपोर्टमध्ये लगेच दिसतं, चूक या रिक्वेस्टची नाही, आधीच्या उत्तरात आयडीच आला नव्हता.

आता तपासणी. जेमीटरमध्ये जेसन असर्शन, के-सिक्समध्ये चेक. काय तपासायचं? माझ्या मते तीन थर.

सगळ्यात आधी, हे जेसन आहे का. के-सिक्समध्ये उत्तर जेसन नसेल, म्हणजे ते "थोड्या वेळानं या" वालं पान असेल, तर जेसन वाचायची ओळ तिथंच एरर फेकते आणि तो फेरा अर्ध्यात तुटतो. चेक नापास म्हणून मोजला जात नाही, कारण चेकपर्यंत गाडी पोचलीच नाही. म्हणून आधी स्टेटस आणि कंटेंट टाइप बघा, मग आत शिरा.

मग, आकार बरोबर आहे का. "सेंटर्स" आहे का, ती यादी आहे का, त्यात काही आहे का. इथं जावास्क्रिप्टची एक खोडी सांगतो. के-सिक्सच्या चेकमध्ये नुसतं "सेंटर्स" परत दिलंत आणि ती यादी रिकामी असली, तरी चेक पास! कारण जावास्क्रिप्टला रिकामी यादीसुद्धा "हो" वाटते. उलट उरलेले डोस हा आकडा नुसता परत दिलात आणि तो शून्य असला तर चेक नापास, कारण शून्य म्हणजे "नाही". आता विचार करा, शून्य डोस हे चुकीचं उत्तर आहे का? अजिबात नाही. मे २०२१ मध्ये ते सगळ्यात खरं उत्तर होतं. यादीची लांबी तपासा, आणि आकडा असेल तर तो आकडा आहे का हे तपासा.

तिसरा थर सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी लोक करतात: मी जे मागितलं तेच आलंय का. ४१२२०६ मागितला तर आलेल्या प्रत्येक सेंटरचा पिन ४१२२०६ च आहे का? या खोट्या यूजरच्या टोकनवर याच यूजरचं नाव आलंय का? कारण एका माणसाचं उत्तर दुसऱ्याला जाणं हा बग एकट्यानं टेस्ट करताना कधीच दिसत नाही. कॅशची किल्ली चुकीची असली किंवा दोन धागे एकच व्हेरिएबल वापरत असले की तो फक्त गर्दीतच बाहेर पडतो. आणि तो पडला तर नुकसान नुसत्या वेळेचं नसतं. कुणाच्या तरी आजाराचे कागद दुसऱ्याच्या फोनवर दिसतात. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी लोड टेस्टमध्ये किमती तपासतो.

कोविनच्या काळात याचंच माणसांच्या पातळीवरचं रूप दिसलं होतं. काही लोकांनी स्लॉट बुक केला, गेले नाहीत, तरी त्यांना लस दिल्याचा मेसेज आला. सेंटरवर चुकून त्यांची नोंद झाली होती. म्हणून ८ मे २०२१ पासून ऑनलाइन बुकिंग करणाऱ्यांना चार आकडी कोड मिळायला लागला. लस देणारा तो कोड विचारायचा, सिस्टिममध्ये टाकायचा, मगच नोंद. विचार केलात तर हे चेकच आहे: आधीच्या उत्तरातून मिळालेली किंमत, पुढच्या पायरीला परत तपासलेली.

किंमत तपासायची म्हणजे आधी बरोबर किंमत माहीत पाहिजे. त्यासाठी टेस्टचा डाटा तुम्ही स्वतः भरलेला असला पाहिजे. मी आता शिकवताना असं करतो: लॅपटॉपवर एक नकली सर्व्हर, त्यात भोरची तीन सेंटर, वेल्ह्याची दोन, एका सेशनमध्ये बरोबर ५० डोस. मग त्यावर ५०० खोटे यूजर सोडायचे, सगळ्यांनी तेच सेशन बुक करायचं. टेस्ट संपल्यावर यशस्वी उत्तरांतले अपॉइंटमेंट नंबर गोळा करायचे. ते ५० च असले पाहिजेत आणि एकही नंबर दोनदा आलेला नको. पहिल्याच खेपेला ५० च्या वर गेले तर दचकू नका, जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या सर्व्हरचं तसं होतं. दोन यूजरनी एकाच क्षणी "एक जागा उरलीय" असं वाचलं आणि दोघांनीही घेतली. प्रत्येक उत्तर सुटं बघितलं तर बरोबरच दिसतं. सगळी एकत्र केली की चोरी पकडली जाते.

उरलेल्या ४५० ना "जागा संपली" असं उत्तर येणार, बहुतेक ४०९ स्टेटस लावून. के-सिक्स ४०० आणि त्याच्या वरचं सगळं आपोआप फेल धरतं. पण इथं ४०९ हेच बरोबर उत्तर आहे. तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं की या रिक्वेस्टला २०० आणि ४०९ दोन्ही अपेक्षित आहेत. नाही तर रिपोर्ट ९० टक्के लाल.

आता तो नावाचा किस्सा. माझ्या एका जुन्या टेस्टमध्ये तालुक्याचं नाव तपासणारी ओळ होती: "वेल्हे" आलं पाहिजे. तालुक्याचं नाव राजगड झालं, डाटा बदलला आणि एके सकाळी टेस्ट लाल. सर्व्हरमध्ये काही बिघडलं नव्हतं, बिघडला होता माझा चेक. माणसाला दाखवायचं नाव आणि मशीननं ओळखायचा कोड हे वेगळे ठेवा आणि कोड तपासा. गडाचं नाव तालुक्याला मिळालं याचा आनंद आहेच, पण त्या सकाळी तो जरा उशिरा झाला.

त्याच्याही आधी एकदा "वेल्हे" आणि "वेल्हे" जुळत नव्हते. स्क्रीनवर अगदी सारखे दिसायचे. एका ठिकाणी टाइप करताना ल् आणि ह च्या मधे एक अदृश्य जोडचिन्ह आलं होतं, झीरो विड्थ जॉइनर. ते डोळ्याला दिसत नाही, पण तुलनेला दिसतं. तसंच ऱ्या मधला ऱ. तो एकसंध अक्षर म्हणून साठवता येतो किंवा र अधिक खाली नुक्ता असाही. देवनागरी किमती तपासायच्या असतील तर दोन्ही बाजू आधी युनिकोडच्या एकाच रूपात आणा आणि अदृश्य चिन्हं गाळा, मग तुलना करा. इंग्रजीतल्या ट्युटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण त्यांना हा त्रासच नाही.

प्रकाराचीही काळजी घ्या. ४१२२०६ हा आकडा आणि अवतरण चिन्हांतला "४१२२०६" हा मजकूर, जेसनसाठी दोन वेगळ्या गोष्टी. कोविनमध्ये पिनकोड आकडा म्हणून यायचा. बऱ्याच ठिकाणी मजकूर म्हणून येतो.

इतकं सगळं तपासायचं म्हटलं की टूलवर भार येतो. प्रत्येक उत्तर उघडणं, वाचणं, पाथ शोधणं, याला प्रोसेसर आणि मेमरी लागते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर मोठी जेसन उत्तरं हजारांनी उघडायला गेलात तर लॅपटॉपच दमतो आणि तुम्हाला वाटतं सर्व्हर हळू आहे. मी काय करतो, पुढच्या रिक्वेस्टला लागणारी किंमत आणि "मागितलं तेच आलं का" हे प्रत्येक वेळी. बाकी खोल तपासणी दहातल्या एखाद्या यूजरला. के-सिक्समध्ये उत्तराचा मजकूर टाकून द्यायची सेटिंग आहे, मेमरी वाचवायला छान. पण ती चालू ठेवून जेसन वाचायला गेलात तर हातात काहीच येणार नाही. जिथं वाचायचंय त्या रिक्वेस्टपुरतं मजकूर ठेवायला सांगा.

एक गोष्ट मात्र हात जोडून. हे सगळं स्वतःच्या सर्व्हरवर किंवा लेखी परवानगी असलेल्या सर्व्हरवर करा. सातबाराची साइट हळू चालते म्हणून तिच्यावर हजार यूजर सोडून बघू, असला उद्योग नको. दुसऱ्याच्या सिस्टिमची वाट अडवणं हे आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या खोट्या हजारांमागे रांगेत एखादा खरा माणूस उभा असतो.

जाता जाता एका श्रोत्याचा प्रश्न घेतो: "के-सिक्समध्ये माझे निम्मे चेक नापास झाले, तरी टेस्ट पास कशी?" कारण चेक फक्त नोंद ठेवतो, टेस्ट पाडत नाही. पाडायची असेल तर थ्रेशोल्ड लावावा लागतो: चेक पास होण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर पाहिजे, असं. आणि ९९ कुठून आणायचा हे टूल सांगणार नाही. बुकिंगच्या टेस्टमध्ये "दुसऱ्याचं नाव आलं" या चेकला मी १०० टक्केच लावतो, तिथं एकही नापास चालत नाही. सेंटरच्या यादीला ९९ चालून जातं.

नकली सर्व्हर कसा लिहायचा ते पुढच्या एपिसोडमध्ये करून दाखवतो, पन्नासेक ओळींचं काम आहे. तोवर तुमच्या जुन्या टेस्टमधली एक उघडा आणि सर्व्हरकडून मुद्दाम रिकामी यादी पाठवून बघा. हिरवंच राहिलं तर मला कळवा, मी एकटा नाही एवढं तरी कळेल. चला, दादाचा टेम्पो आलाय, कॅन उतरवायला हात लावतो. भेटू.